शाळेत गिफ्ट नेमकं कुणाकुणाला द्यायचं?

मुख्याध्यापिकांना मी काही देत नाही, हे आधीच सांगून टाकते. राग वगैरे काही नाही, चांगल्या आहेत बाई, पण सुट्ट्या लागायच्या आधी पालकांचा जो गिफ्टांचा ओघ सुरू होतो ना, तो कायम वरच्या दिशेने जातो. पाणी उताराकडे वाहतं, हे चढाकडे. ज्यांच्या टेबलावर आधीच पाच बुके आहेत त्यांच्याकडे सहावा, आणि जी मावशी रोज सकाळी गेटवर रडणारी पोरं कडेवर घेऊन आत नेते तिच्या हातात काही नाही.

एका मैत्रिणीचा मुलगा यंदाच शाळेत जायला लागलाय. तिने फोन करून विचारलं की तू यादी कशी करतेस गं, मला तर वर्गशिक्षिकेच्या पुढे कुणी आठवतच नाही आणि आठवायला लागलं की संपतच नाही. तिला सांगता सांगता इतकं बोलले की म्हटलं आता लिहूनच टाकते.

तर माझी पद्धत अशी की पदं घेऊन बसायचं नाही, पोराचा दिवस घेऊन बसायचं. म्हणजे सकाळी घरातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंत ते कुणाकुणाच्या हातातून जातं ते क्रमाने आठवायचं. व्हॅन किंवा बसचे काका, बसमधली ताई, गेटवरचे सिक्युरिटी काका, वर्गातल्या बाई, त्यांच्या मदतीला असणाऱ्या बाई, डबा खायच्या वेळी लक्ष ठेवणारं कुणी, पी.टी.चे सर, बाथरूमला नेणाऱ्या मावशी, पोट दुखतंय म्हणून गेलं तर आजारी मुलांच्या खोलीत बसवून आपल्याला फोन लावणारं कुणीतरी. अशी यादी केली की पहिल्यांदा आपल्याला जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण त्यातल्या निम्म्या लोकांची नावं माहीत नसतात. नाव माहीत नसणं हे यादीतून काढायचं कारण नाही, ते ऑफिसात फोन करून विचारायचं कारण आहे.

आणि पोराला विचारा. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार कमी लोक करतात. 'तुला शाळेत कुणाला थँक्यू म्हणायचंय' असं सरळ विचारलं तर मुलं शिकवल्यासारखं 'टीचर' म्हणून मोकळी होतात, म्हणून जरा आडून विचारायचं, की शाळेत पडलास तर तू कुणाकडे जातोस, शूची लेस सुटली तर कोण बांधून देतं, तुला कोण हसवतं. माझ्या धाकटीने या प्रश्नांवर ज्या बाईंचं नाव घेतलं त्या आमच्या लेखी अस्तित्वातच नव्हत्या. शेजारच्या वर्गाच्या बाई. हिला काही शिकवत नाहीत, पण कॉरिडॉरमध्ये दिसल्या की रोज हिला नवीन काहीतरी नावाने हाक मारतात आणि ही दिवसभर खूश. त्या यादीत आल्या, आणि वर आल्या.

यावरून एक आठवलं. शिक्षकांच्या दर्जाबद्दल युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून १९६६ साली एक शिफारसपत्र काढलं होतं, जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो तो त्याच्याच आठवणीत, १९९४ पासून. त्यात शिक्षक कुणाला म्हणायचं तर शाळेत मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेल्या सगळ्या व्यक्तींना, असं लिहिलंय. अर्थात त्यांच्या डोक्यात वर्गात शिकवणारेच असणार, पण मी त्या व्याख्येकडे बघते तेव्हा मला वाटतं की जे पोर बसमध्ये घाबरून बसतं आणि ज्याला बसमधली ताई शेजारी बसवून घेते, ते वर्गात पोचून शिकायच्या अवस्थेत असतं याची निम्मी जबाबदारी त्या ताईने उचललेली असते. शिक्षकांना निदान कॅलेंडरवर एक दिवस आहे, भाषणं होतात, कार्डं होतात. शाळा झाडणाऱ्यांचं काय? त्यांच्या वाट्याला पालकांकडून येणारी ही वर्षातली एकमेव वेळ असते, म्हणून ही संधी मला त्यांच्यासाठीच जास्त वापराविशी वाटते.

आता तुम्ही म्हणाल की एवढ्या सगळ्यांना द्यायचं तर दिवाळं निघेल. बरोबर आहे, म्हणून मी दोन ढीग करते. पहिल्या ढिगात असे लोक ज्यांनी माझ्याच पोरासाठी काहीतरी केलंय, त्यांना नावानिशी, वेगळं. दुसऱ्या ढिगात असे लोक जे सगळ्या शाळेसाठी राबतात, म्हणजे ऑफिसातला स्टाफ, सफाईचे लोक, लायब्ररी, शिपाई, त्यांना एकत्र मिळून काहीतरी, स्टाफरूममध्ये किंवा ऑफिसात ठेवता येईल असं, वर सगळ्यांना उद्देशून एक पत्र. दुसऱ्या ढिगात एक खबरदारी घ्यायची. एकाला द्यायचं आणि त्याच्याच शेजारी बसणाऱ्याला नाही, असं नको. ऑफिसात तिघे जण बसतात आणि तुम्ही एकीलाच बॉक्स देऊन निघून गेलात की मागे त्या खोलीत काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. तिने खरंच तुमच्यासाठी वेगळं काही केलं असेल, अ‍ॅडमिशनच्या वेळी अडकलेला कागद सोडवून दिला असेल, तर तिला वेगळी चिठ्ठी द्या, गिफ्ट सगळ्यांना मिळून.

मोठ्या वर्गांत गेल्यावर हे सगळं बदलतं. थोरल्याला विषयागणिक वेगळे शिक्षक आहेत, त्यांना सगळ्यांना गिफ्ट द्यायचं म्हणजे वेडेपणा, आणि त्याला स्वतःलाही ते नको असतं, वर्गात सगळ्यांसमोर बाईंच्या हातात पिशवी द्यायची या कल्पनेनेच तो मरतो. मग मी त्याला म्हणते की दोघांची नावं सांग, ज्यांच्यामुळे यंदा काहीतरी बरं झालं. तो जी दोन नावं सांगतो ती मला कधीच आधी ओळखता आलेली नाहीत. मला वाटलं होतं गणिताचे सर, कारण मार्क वाढलेत, तर त्याने सांगितलं इतिहासाच्या बाई, का तर त्या चूक उत्तरावर हसत नाहीत.

ज्यांच्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागते त्यांची यादी तर अजून लांब, आणि अजून अवघड. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, काउन्सेलर, शॅडो टीचर म्हणजे वर्गात त्या एकाच मुलासोबत बसणारी मदतनीस. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा असाच आहे आणि तिचं म्हणणं मला फार पटतं. ती म्हणते, अगं त्याच्या बाबतीत जे झालंय ते कुणा एकाने केलेलं नाही, एकीने शब्द शिकवला, दुसरीने तो वर्गात वापरून घेतला, तिसरीने तो वापरल्यावर टाळ्या वाजवल्या, मग मी कुणाला वगळू? ती या लोकांना वस्तू देतच नाही. प्रत्येकीला एक पान लिहिते, त्यात फक्त दोन गोष्टी, वर्षाच्या सुरुवातीला तो काय करू शकत नव्हता आणि आता काय करतो. थेरपिस्ट लोकांना तर हे फार हवं असतं, कारण त्यांना आठवड्यातून थोडाच वेळ मूल दिसतं, घरी काय फरक पडला हे त्यांना कुणी सांगतच नाही. शॅडो टीचरचं मात्र वेगळं, तिचा पगार जर तुम्हीच देत असाल तर तिला देताय तो बोनस आहे, तो बोनस म्हणूनच द्या, पैशात द्या, मेणबत्ती आणि फोटोफ्रेमवर भागवू नका.

व्हॅनच्या काकांचाही हाच प्रश्न येतो, की ते शाळेचे नोकर नाहीत मग त्यांना यात का धरायचं. अहो, पोर रोज त्यांच्या ताब्यात असतं, ट्रॅफिकमध्ये, पावसात, आणि ते ज्या दिवशी उशीर झाला त्या दिवशी आपण त्यांना फोनवर काय काय बोललोय ते आठवा. सफाई आणि सिक्युरिटीचे लोक तर बऱ्याच शाळांत कंत्राटदाराचे असतात, शाळेच्या स्टाफलिस्टमध्ये त्यांची नावंच नसतात, त्यामुळे 'स्टाफसाठी' म्हणून जे काही शाळेकडे दिलं जातं ते त्यांच्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही. त्यांना हातात द्यायचं. आणि कृपा करून, घरातले जुने कपडे, वापरलेली भांडी, आपल्याला आलेलं आणि नको असलेलं गिफ्ट, हे देऊन त्याला भेट म्हणू नका. गरज असेल आणि त्यांनी मागितलं असेल तर जुन्या वस्तू वेगळ्या वेळी द्या, थँक्यू म्हणताना नको. बाईंना नवीन पेन आणि मावशींना जुनी साडी, मुलं हे बघत असतात हो.

आता व्हॉट्सॲप ग्रुप. यावर मी एक वेगळी पोस्ट लिहू शकते पण आवरते. वर्गाने मिळून वर्गणी काढून द्यायची कल्पना मुळात चांगलीच आहे, एकट्याला भार पडत नाही, बाईंच्या घरी पंचवीस सारखे कॉफी मग जात नाहीत, आणि कुणी काय दिलं याची तुलना होत नाही. पण होतं काय की कुणीतरी उत्साही आई रक्कम जाहीर करते, त्याच्याखाली धडाधड अंगठे पडतात, मग संध्याकाळी ती नावांची यादी टाकते, ज्यांनी दिले त्यांच्यापुढे हिरवी टिक, आणि ज्यांच्यापुढे टिक नाही ती चार नावं सगळा ग्रुप बघत बसतो. त्यातल्या एखाद्या घरात त्या महिन्यात काय चाललंय कुणाला माहिती? नोकरी गेलेली असेल, हॉस्पिटल चालू असेल. वर्गणी म्हणजे ऐच्छिक, रक्कम ज्याची त्याची, आणि हिशोब फक्त एकीकडे, एवढं केलं की निम्मी भांडणं संपतात. कार्डावर मात्र सगळ्या मुलांची नावं, दिले असोत नसोत. यावर आमच्या ग्रुपवर एकदा एकीने 'पण मग ज्यांनी दिले त्यांच्यावर अन्याय नाही का' असं विचारलं होतं आणि मी त्यावर काही बोलले नाही, फोन उलटा ठेवला आणि चहा केला.

कुणी किती दिले हे उघड करायचं नाही, हे मी मनाचं सांगत नाहीये, काही ठिकाणी हे चक्क नियमात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी शाळेतल्या शिक्षकांना पालकांकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं गिफ्ट घेता येत नाही, पण सगळ्या वर्गाने मिळून दिलं तर वर्षाला १५० डॉलरपर्यंत चालतं, आणि अट अशी की ते वर्गाच्या नावाने असलं पाहिजे, कुणी दिले आणि किती दिले हे शिक्षकाला कळता कामा नये. किती शहाणी अट आहे बघा, देणाऱ्याचं नाव काढून टाकलं की त्या गिफ्टातली लाच निघून जाते आणि थँक्यू तेवढं उरतं. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांतही एकट्या पालकाने द्यायचं ते मुख्यतः भावनेच्या मोलाचं आणि किरकोळ किमतीचं असावं असा नियम आहे. तेव्हा यादी करण्याआधी शाळेचं सर्क्युलर बघा, हे कंटाळवाणं वाटतं पण बघाच, कारण घेता येत नसलेलं गिफ्ट परत करताना जी बिचारी अवघडते ती आपल्या पोराचीच बाई असते. अनेक खासगी शाळा गिफ्ट पूर्ण बंद म्हणतात, तिथे पत्राला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

नियम नसला तरी वेळेचं भान आपणच ठेवायचं. निकाल लागायचाय, सिलेक्शन व्हायचंय, बाईंकडून शिफारसपत्र हवंय, आणि त्याच आठवड्यात तुम्ही मोठी पिशवी घेऊन उभे, तर तुमच्या मनात काही नसलं तरी समोरच्याला ते तसंच दिसणार. काम झाल्यावर द्या, किंवा वर्ष संपल्यावर. मला तर गेल्या वर्षीच्या बाईंना यंदा काहीतरी द्यायला फार आवडतं, कारण आता त्यांच्याकडून आपल्याला काही मिळणार नसतं, आणि हे त्यांनाही माहीत असतं.

मग ज्या बाईंशी आपलं पटलं नाही त्यांचं काय? हा प्रश्न मैत्रिणीने अगदी हळू आवाजात विचारला. माझं मत, वर्गाच्या वर्गणीत आपला वाटा द्यायचा, पोराचं नाव कार्डावर असू द्यायचं, पण खोटं पत्र लिहायचं नाही. 'तुमच्यासारख्या शिक्षिका मिळणं आमचं भाग्य' असं न वाटता लिहिलं की पुढच्या वेळी ज्यांना खरंच तसं लिहायचंय त्यांच्यासाठी शब्द उरत नाहीत. आणि फक्त सूड म्हणून वगळायचंही नाही, पोराला अजून सहा महिने त्याच वर्गात बसायचंय.

काय द्यायचं यावर मी फार वेळ घालवत नाही. वस्तूंचा साठा होतो, खाण्याच्या गोष्टीत कुणाला काय चालतं माहीत नसतं, सुगंधी गोष्टींनी काहींचं डोकं दुखतं, 'बेस्ट टीचर' छापलेलं काहीही बाईंकडे आधीच असतं. नियमात बसत असेल तर गिफ्ट कार्ड उत्तम. सपोर्ट स्टाफला पैसे द्यायला लोक उगाच लाजतात, वस्तू दिली की त्यात आपली आवड येते, पैसे दिले की त्यांची गरज, आणि नीट पाकिटात घालून, नाव लिहून, दोन्ही हातांनी दिले तर त्यात अपमान वाटण्यासारखं काय आहे? फक्त पैशाचं पाकीट पोराच्या हातून पाठवायचं नाही, आपण स्वतः द्यायचं, पोराने कार्ड द्यायचं.

पत्राबद्दल मात्र थोडं बोलायचंय, कारण तिथेच सगळे अडतात. मला लिहिता येत नाही, काय लिहू, मराठीत लिहू की इंग्रजीत, त्यांना वेडगळ वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये यावरच एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज करायला सांगितला, आणि मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच विचारलं. तर लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडून चुकलेला, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं होतं तेवढं झालं नाही, आणि आनंद मात्र त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त झाला. लिहिणारा आपले शब्द नीट आहेत का या काळजीत असतो आणि वाचणारा त्यातली आपुलकी बघत असतो, असं काहीसं त्यांचं म्हणणं. तेव्हा भाषा जाऊ दे, एक प्रसंग लिहा. 'सगळ्यासाठी धन्यवाद' नको. 'पावसात व्हॅन उशिरा आली तेव्हा तुम्ही तिच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरून उभ्या होतात' असं लिहा. ज्यांना वाचता येत नसेल त्यांना पोराने समोर उभं राहून सांगायचं, धाकटीने हे केलंय, मान खाली घालून आणि बुटाकडे बघत केलंय पण केलंय.

आणि एक गोष्ट जी फुकट आहे आणि जवळपास कुणीच करत नाही. मुख्याध्यापिकांना काही देत नाही असं वर म्हटलं ना, त्यांना मी ईमेल करते. त्यात त्यांचं कौतुक नसतं, स्टाफमधल्या एखाद्याचं असतं, नावानिशी, काय केलं ते सांगून. मावशींच्या हातात पाकीट दिलं तर ते त्यांच्या आणि माझ्यामध्ये राहतं, पण कंत्राट रिन्यू करताना, कुणाला ठेवायचं कुणाला काढायचं ठरवताना, ज्यांच्या हातात ते असतं त्यांच्यापर्यंत ही माणसं कशी आहेत हे एरवी फक्त तक्रारीतूनच पोचतं. सफाई नीट नाही म्हणून ईमेल करणारे ढिगाने आहेत. म्हणून एका ईमेलमध्ये एकाच व्यक्तीबद्दल लिहायचं, दहा नावांची यादी केली की तिचा पुन्हा 'सर्व कर्मचारी वर्ग' होऊन जातो, आणि जमल्यास त्या व्यक्तीलाही सांगायचं की मी असं असं कळवलंय, म्हणजे कधी वेळ आलीच तर तिला ते दाखवता येतं.

बाकी वाटपाचं एवढंच की शेवटच्या दिवशी नेऊ नका, त्या दिवशी निम्मा स्टाफ रजेवर असतो आणि उरलेला कार्यक्रमाच्या गडबडीत. दोन-चार दिवस आधी, शाळा सुटायच्या वेळी, प्रत्येक पाकिटावर नाव आणि पोराचं नाव-वर्ग. दोन कार्डं कोरी ठेवायची जास्तीची, मला दर वेळी लागतात, गेटवर गेल्यावर कुणीतरी असं दिसतंच की जे यादीत असायलाच हवं होतं. मैत्रिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, बदलीवर महिनाभर आलेल्या बाईंना द्यायचं का, त्या तर आता दुसऱ्या शाळेत गेल्या. त्याचं उत्तर मला आलं नाही चटकन, पण ती म्हणाली की तिचा मुलगा अजून त्यांचंच गाणं म्हणतो, म्हणजे आता तिला त्या दुसऱ्या शाळेचा पत्ता शोधायला लागणार.